सुगीत होले बघायचे तर

मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चला रब्बी ज्वारी निघाली की सांडलेल्या दाण्यांवर होले, म्हणजे कबुतरासारखी पाखरं, उतरतात. (शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, दुर्बीण घ्या, ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची, पुरते.) दिवस उगवायच्या अर्धा तास आधी कडब्याच्या गंजीला टेकून बसा, सूर्य पाठीशी ठेवून. पांढरा सदरा नको. हात हलला तरी थवा उठतो.

ओळख मानेवरून पटते. मागे काळी अर्धी कडी आणि अंग फिकट राखी असेल तर कंठी होला. विटकरी अंग, राखी डोकं असेल तर लाल होल्याचा नर. काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके म्हणजे ठिपक्यांचा होला. लहानगा, छातीवर काळी नक्षी असलेला तो तपकिरी होला.

औषध लावलेलं बियाणं दाणे म्हणून कधीच टाकू नका, पाखरं मरतात.