थंडीत शोभेची झाडं मरतात ती पाण्याने : या चुका टाळा

संक्रांत जवळ आली की फोन सुरू होतात. "भाऊ, अ‍ॅग्लोनेमाची पानं लोळली, काय टाकू?" काहीच टाकू नका. टाकाटाकीनेच अर्धी झाडं जातात.

विदर्भातला हिवाळा मोठा फसवा. दुपारी २८ अंश, बनियनवर बसावं असं ऊन, आणि पहाटे पारा आठ-नऊवर. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत उतरला होता. क्रोटन, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबेकिया ही उष्ण, दमट मुलखातली झाडं. माती गारठली की त्यांची मुळं पाणी नीट ओढत नाहीत. म्हणून कुंडी ओलीच असते, तरी पानं लोळतात.

आमच्या साळ्याने वावरातली काळी माती सरळ कुंड्यांत भरली. कापसाला ती सोन्यासारखी. कुंडीत पाणी धरून बसते. डिसेंबरात पानं मान टाकू लागली, तर म्हणतो, "भाऊजी, तहान लागली असंन झाडाले." दोन टाइम पाणी सुरू. पानं पिवळी पडली तर वरून मूठभर युरिया. मी गेलो, एका खोडाला बोट लावलं, साल हातात आली. आत तपकिरी चिखल, आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. सगळी रांग गेली. वाचली ती चुलीमागच्या भिंतीला टेकलेली एक कुंडी, तिथे पाणी द्यायला कोणी जात नव्हतं म्हणून!

मी काळी माती चौथा हिस्साच घेतो. बाकी जाड रेती, धानाचं तूस आणि कुजलेलं शेणखत. बोट दोन पेरं खुपसून पाहतो, ओलं लागलं तर पाणी नाही. द्यायचंच तर सकाळी दहानंतर, बोरचं ताजं; गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेलं नको. खत दिवाळीला बंद, ते होळीपर्यंत.

दुसरा राग कलमांचा. व्हिडिओ पाहून जानेवारीत क्रोटनच्या फांद्या खोचायच्या आणि चार-चार दिवसांनी उपटून मूळ फुटलं का बघायचं! फुटेल कसं? मुळं फुटावी म्हणून फांदीला लावतात त्या रूटिंग पावडरने गार माती ऊबदार होत नाही. फांदी बुडाशी काळी पडते, एवढंच. मृगापासून पोळ्यापर्यंत लावा, वीतभर फांदी, आणि हात मागे बांधून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. प्लास्टिक पानांना चिकटवून झाकू नका, आणि झाकलंच तर ऊन आल्याबरोबर काढा, नाहीतर आत झाड शिजतं. मी पऱ्हाटीच्या काड्यांवर जुनी साडी टाकतो. उघड्या आभाळाखालच्या कुंड्या रात्री आंब्याखाली किंवा ओसरीत सरकवा. फुगीर बुंध्याच्या अडेनियमची पानं झडली तर झडू द्या, पाणी तोडा.

कॅलेडियम मात्र पानं गेली म्हणून उकिरड्यावर टाकू नका. कंद जिवंत असतो. कोरड्या तुसात, घरात ठेवा. मे संपताना लावा. फेकणारच असाल तर आधी मला फोन करा, मी पिशवी घेऊन येतो.