काळ्या मातीतला खूर: पांढऱ्या रेघेची बुरशी कशी काढावी

इंदुरात पावसाळा लागला की घोड्यांच्या खुरांच्या तक्रारी सुरू होतात. माळव्याची काळी माती तळव्यात घट्ट बसते, आत हवा जात नाही, आणि बुरशीला तेच हवं असतं. वडोदऱ्यात हे काम दमट हवा आणि साचलेलं पाणी करतं. ग्वाल्हेरला मात्र मे महिन्यातच खूर उन्हानं तडकतो आणि जुलैत त्या चिरांतून रोग आत शिरतो.

आधी रोग ओळखा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला नाल ठोकणारे नालबंद ‘पुतळी’ म्हणतात. तिच्या खाचेतून काळा, सडक्या वासाचा स्राव येत असेल तर तो मुख्यतः जिवाणूंचा आजार. तळवा आणि खुराची भिंत जिथे जुळतात तिथली पिवळट-पांढरी रेघ बुरशी आणि जिवाणू मिळून पोखरतात. तिथे खूर साफ करायचा आकडा टोचला की खडूसारखा भुगा सांडतो. भिंतीवर छोट्या हातोडीनं टकटक करत वर जा. रिकाम्या डब्यासारखा आवाज जिथवर येतो, तिथवर पोकळी. सुरुवातीला घोडा लंगडत नाही, म्हणूनच हे राहून जातं.

पोकळीत नुसतं औषध ओतत राहणं ही सगळ्यात मोठी चूक. भुगा औषध पिऊन टाकतो, रोगापर्यंत काही पोहोचत नाही. सुटलेली भिंत कापून पोकळी उघडी करणं हाच खरा इलाज. नाल काढून, टणक निरोगी भाग लागेपर्यंत, नालबंद आणि पशुवैद्यानं हे मिळून करावं. रक्त येता कामा नये; आलंच तर धनुर्वाताच्या लसीचं लगेच विचारा. पोकळी मोठी असेल तर कापण्याआधी एक्स-रे हवाच, कारण भिंतीचा आधार गेला की आतलं हाड खाली कलू शकतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदुरापासून जवळच आहे, तिथे दाखवा.

मग रोज खूर ब्रशनं घासा, फडक्यानं टिपा, अर्धा तास कोरड्या फरशीवर वाळू द्या आणि 10 टक्के पोविडोन आयोडीन लावा. आठवड्यातून दोनदा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात दहा मिनिटं बुडवा: 1 लिटरला 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या घमेल्यात. लोखंडी घमेल्यावर तांबं चढतं आणि पाण्यातला जोर जातो. याहून जास्त भिजवलं तर खूरच मऊ पडतो. उघड्या मांसाला मोरचूद लावू नका. जळकं ऑइल तर अजिबात नको, ते हवाच कोंडतं. मुतानं भिजलेला पेंढा रोज बदला.

दर दोन आठवड्यांनी पोकळीची कड पुन्हा तपासून नवा भुगा काढा. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पुढची भिंत पूर्ण नवी यायला 9 ते 12 महिने लागतात. तुळशीच्या लग्नानंतर वरातींचा मोसम येतो आणि घोडी लवकर उभी करायची म्हणून पोकळीत भराव घालून घेतात. भुगा जराही उरला असेल तर बुरशी त्या भरावाखाली अंधारात पुन्हा वर चढत जाते. कड सलग दोन तपासण्यांत टणक लागेपर्यंत भराव घालू देऊ नका.