सुरांवरून कॉर्डचं नाव कसं शोधावं

समोर चार सूर आहेत: तळाला बी, त्यावर डी, मग एफ आणि सगळ्यात वर जी. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या या सुरांचा गट, कोणती? तळाला बी आहे म्हणजे ‘बीची काहीतरी’, असं पटकन म्हणावंसं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. कॉर्डचं नाव तळाच्या सुरावरून नाही, रूटवरून, म्हणजे ज्या सुरावर कॉर्ड उभी असते त्यावरून पडतं. रूट मध्ये किंवा वर, कुठेही बसलेला असू शकतो.

आधी वाजणारे सगळे सूर लिहा आणि पुन्हा आलेले खोडून टाका. गिटारवर साधी ई मेजर धरली तर सहाही तारा वाजतात, पण सूर तीनच: ई, जी शार्प, बी (शार्प म्हणजे लगतचा वरचा सूर, फ्लॅट म्हणजे लगतचा खालचा). सगळ्यात खालचा सूर कोणता, हे मात्र बाजूला टिपून ठेवा, शेवटी लागतं.

आता रूट. त्यासाठी एक साखळी पाठ हवी: एफ, ए, सी, ई, जी, बी, डी, आणि डीनंतर पुन्हा एफ. प्रत्येक वेळी मधलं एक अक्षर गाळलेलं आहे. शार्प-फ्लॅट तूर्त विसरा, नुसती अक्षरं बघा. तुमचे सूर या साखळीत खंड न पडता जिथून सुरू होतात, तो रूट. वरचे चार सूर लावले की जी, बी, डी, एफ असे ओळीने बसतात. रूट जी.

सूर बसत नसतील तर आधी त्यांची नावं तपासा. डी, एफ शार्प, ए ही डी मेजर. पण एफ शार्पच्याच पट्टीला जी फ्लॅट म्हटलं की साखळी तुटते. कानाला फरक नाही, कागदावर आहे.

रूट मिळाला की अंतरं मोजा. कीबोर्डवर लगतची पट्टी, काळी असो की पांढरी, म्हणजे एक घर. गिटारवर एक फ्रेट. ज्या पट्टीवर उभे आहात ती मोजायची नाही. सी ते ई ही चार घरं, पाच नव्हेत. नवशिक्यांची निम्मी उत्तरं इथेच बिघडतात. आता साखळीच्या क्रमाने आधी रूट ते दुसरा सूर, मग दुसरा ते तिसरा सूर मोजा:

4 आणि 3 – मेजर
3 आणि 4 – मायनर
3 आणि 3 – डिमिनिश्ड
4 आणि 4 – ऑगमेंटेड

सरगम कानात असेल तर रूटला सा माना: सा-ग-प म्हणजे मेजर, ग कोमल केला की मायनर.

चौथा सूर असेल तर तो थेट रूटपासून मोजा. मेजरवर 10 घरं म्हणजे नुसतं ‘सेव्हन’, 11 घरं म्हणजे ‘मेजर सेव्हन’. मायनरवर 10 म्हणजे ‘मायनर सेव्हन’. आपल्या उदाहरणात जी-बी 4, बी-डी 3, जी ते एफ 10, म्हणून जी सेव्हन. तळाला बी टिपला होता, तो तिरक्या रेषेनंतर लिहायचा, तेव्हा पूर्ण नाव जी7/बी.

नावं बदलूनही साखळी जुळली नाही तर बहुधा सस (सस्पेंडेड) कॉर्ड असते: रूटपासून 5 आणि 7 घरं म्हणजे सस4, 2 आणि 7 म्हणजे सस2. इथे घोळ असा, की सी, डी, जी ही सी सस2 आणि जी सस4 दोन्ही आहे. सी, ई, जी, ए यांचंही तसंच; साखळी ‘ए मायनर सेव्हन’ सांगते, पण तळाला सी ठाम वाजत असेल तर वादक तिला सी सिक्स म्हणतील. अशा वेळी बेसचं, म्हणजे तळाच्या सुराचं ऐकावं.

सगळ्यात अवघड डिमिनिश्ड सेव्हन. तिच्यात प्रत्येक अंतर 3 घरांचं, त्यामुळे चारपैकी कुठलाही सूर रूट होऊ शकतो आणि मोजून काही कळत नाही. इथे लिहिलेलं नाव कामी येतं. बी, डी, एफसोबत ए फ्लॅट लिहिला असेल तर रूट बी, आणि पुढे बहुधा सी येते. तोच सूर जी शार्प लिहिला असेल तर रूट जी शार्प, आणि पुढची कॉर्ड ए मायनर असण्याची शक्यता जास्त.