चाळिशीतले क्वार्टरबॅक: मॅनिंग, ब्रेडी, ब्रीझ, फार्व यांची तुलना नीट कशी करायची

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, पेटन मॅनिंग भारी का टॉम ब्रेडी हा वाद सुरू झाला की कुणीतरी लगेच सुपर बोलच्या (लीगच्या फायनलच्या) रिंग्स, म्हणजे जिंकलेली विजेतेपदं मोजायला लागतो. माझं म्हणणं असं की करिअरच्या शेवटच्या चार-पाच वर्षांपुरतं तरी ते माप बाजूला ठेवा, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे टीमसाठी पास टाकणारा मुख्य खेळाडू, स्वतः किती खेळतोय आणि टीम त्याला किती ओढून नेतेय हेच तर त्या वयात शोधायचं असतं. २०१५ चा पेटन मॅनिंग घ्या. रेग्युलर सीझनमध्ये (बाद फेरीच्या आधी) त्याच्या पासवर ९ टचडाउन (सगळ्यात मोठा स्कोअर), १७ इंटरसेप्शन (पास समोरच्या टीमने पकडला), आणि तरी शेवटी हातात ट्रॉफी. सुपर बोल ५० मध्ये त्याचे २३ पैकी १३ पास पूर्ण, १४१ यार्ड, टचडाउन पास एकही नाही. मॅच काढली ती डेन्व्हरच्या डिफेन्सने, एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) पण डिफेन्सचाच व्हॉन मिलर. डेन्व्हरचाच जुना क्वार्टरबॅक जॉन एल्वेचं पण तसंच, ३७ व्या वर्षी पहिली रिंग मिळाली त्या मॅचमध्ये १२३ यार्ड आणि शून्य टचडाउन पास, त्याच्याच टीमच्या टेरेल डेव्हिसने मात्र १५७ यार्ड पळून तीन टचडाउन मारले. दोघंही महान, पण ती रिंग म्हणजे त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकचं मार्कशीट नाही.

तर सुरुवात वयापासून करा. एक तारीख ठरवा, समजा ३१ डिसेंबर, आणि त्या दिवशी ज्याचं जे वय तो त्याचा सीझन. हे केलं की चित्र एकदम बदलतं. ३९ व्या वर्षी मॅनिंग २०१५ मध्ये होता, ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (पुढच्या जोड्याही याच क्रमाने). ब्रेडी त्याच वयात २०१६ मध्ये, चार मॅचच्या बंदीमुळे १२ च मॅच खेळला तरी २८ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन. ड्रू ब्रीझ २०१८, ३२ आणि ५. ब्रेट फार्व २००८, जेट्सकडे, २२ आणि २२. चौघं हॉल ऑफ फेमच्या तोडीचे, वय एकच, आणि तरी एवढा फरक, म्हणजे "चाळिशी जवळ आली की सगळेच ढेपाळतात" हे सरसकट बोलायची सोय उरत नाही.

मग एकूण यार्ड विसरा आणि प्रत्येक पासमागे किती मिळाले ते काढा, यार्ड भागिले अटेम्प्ट (टाकलेले पास), मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. ब्रेडीचा शेवटचा सीझन, २०२२, ४,६९४ यार्ड, बघून वाटतं अरे हा तर अजून फॉर्मात आहे. पण त्यासाठी त्याने ७३३ पास टाकले, एका सीझनमधला तो रेकॉर्ड आहे, आणि भागाकार येतो ६.४. आदल्या वर्षी तोच आकडा ७.४ होता. टचडाउन शंभर पासमागे ६ होते ते ३.४ वर आले. नुसते रन बघायचे आणि स्ट्राइक रेट बघायचाच नाही, तसली चूक इथे सगळे करतात. आणि हो, २०२१ पासून रेग्युलर सीझन १७ मॅचचा झालाय, आधी १६ चा होता, त्यामुळे एकूण आकडे तसेही फसवतात. अजून मागे जायचं असेल, मॅरिनो, मोंटाना वगैरे जुने क्वार्टरबॅक, तर त्यांचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नका, त्या-त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीशेजारी ठेवा, कारण २००४ नंतर रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) अडवण्याचे नियम कडक पाळायला लागले आणि पासिंग सोपं होत गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे थोडा वेळ द्या. माणूस नेमका कुठे कमी पडायला लागला ते शोधा. हात, पाय की डोकं.

मॅनिंगची मानेची ऑपरेशन्स झाली, २०११ चा सगळा सीझन गेला, हातातली ताकद पूर्वीसारखी राहिली नाही, बॉल हवेत डुगडुगायचा. आणि तरी २०१३ ला ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड, दोन्ही रेकॉर्ड. का, तर स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधी समोरचा डिफेन्स वाचून प्ले बदलायचा आणि बॉल लवकर सोडायचा, हाताची कसर डोक्याने भरून काढली. म्हणून हात गेला म्हणजे माणूस संपला असं समजू नका. पण २०१५ ला पाय पण दुखावला, डाव्या पायाच्या तळव्याला इजा, आणि त्यात नवीन कोच गॅरी क्युबियाकची सिस्टीम, जिच्यात क्वार्टरबॅकने सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्या खेळाडूच्या) मागून बॉल घेऊन पळत बाहेर निघायचं, म्हणजे नेमकं जे त्याला जमत नव्हतं तेच. शंभर पासमागे इंटरसेप्शन बघा: २०१३ ला दीड, २०१४ ला अडीच, २०१५ ला पाच. १५ नोव्हेंबर २०१५ ला चीफ्सविरुद्ध त्याने फार्वचा करिअर यार्डचा रेकॉर्ड मोडला आणि त्याच मॅचमध्ये २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन, तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर काढून ब्रॉक ऑसवायलरला आणलं. मला अजूनही ती मॅच बघवत नाही.

ब्रेडीचं २०२२ वेगळं. इंटरसेप्शन ९ च, म्हणजे डोकं शाबूत. पण ओळखीची ऑफेन्सिव्ह लाइन (त्याला वाचवणारे खेळाडू) मोडली होती, सेंटर रायन जेन्सन कॅम्पमध्येच जखमी, रनिंग गेम (बॉल घेऊन पळणं) लीगमध्ये तळाला, मग हा मार खायच्या आधी बॉल सोडून द्यायचा आणि यार्ड आटले. यातली काही घसरण त्याची, बरीच टीमची.

ब्रीझचा आकडा जास्त फसवा आहे. २०१८ ला ७४.४ टक्के पास पूर्ण, तेव्हाचा रेकॉर्ड, पण शेवटी-शेवटी त्याचे पास लीगमधल्या सगळ्यात आखूड पासांपैकी असायचे, टीममेट कमारा आणि मायकल थॉमसच्या हातात बॉल द्यायचा आणि पुढचं ते बघायचे. म्हणून टक्केवारीसोबत बॉल हवेत किती लांब गेला ते बघाच. १७ जानेवारी २०२१, सुपरडोममध्ये ब्रीझ विरुद्ध ब्रेडी, वय ४२ विरुद्ध ४३. ब्रीझने ३४ पास टाकले आणि १३४ यार्ड, ३ इंटरसेप्शन. ब्रेडी पण १९९ यार्डवरच होता, पण बॉल गमावला नाही, आणि ब्रेडीची टीम बक्स ३०-२० ने जिंकली. त्याच सीझनमध्ये ब्रीझच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला इजा झाली होती, हे हिशोबात धरलंच पाहिजे.

आकडे झाले की मॅच बघा. भारतातून बघत असाल तर रविवारी रात्री साडेदहाची, नोव्हेंबरपासून साडेअकराची मॅच लावा आणि बॉलच्या मागे न जाता क्वार्टरबॅकच्या पायांकडे बघा. प्रेशर आलं की पुढे सरकतो का मागे झुकून टाकतो? लांबच्या साइडलाइनकडचा आउट पास टाकतो का, का तो प्लेच आता कुणी बोलावत नाही? कोच जे बोलवायचं टाळतो त्यातून सगळ्यात जास्त कळतं.

एका सीझनवर मात्र भाळू नका. फार्व २००९ ला व्हायकिंग्सकडे, ४० व्या वर्षी, ३३ आणि ७, करिअरमधलं बेस्ट रेटिंग. एनएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीची मॅच) सेंट्सविरुद्ध २८-२८, शेवटची काही सेकंद, घोटा दुखावलेला, समोर थोडी मोकळी जागा होती, पण तो पळाला नाही, अंगाच्या उलट दिशेला टाकला आणि सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने उचलला. पुढच्या वर्षी ११ आणि १९.

हे सगळं ॲरन रॉजर्सला लावून बघा. २०२४, वय ४१, जेट्स, २८ आणि ११, पासमागे ६.७ यार्ड. ४१ व्या वर्षी ब्रेडी ७.६ ला होता, ब्रीझ ७.५ ला. रॉजर्स आदल्या वर्षी चौथ्याच स्नॅपला अकिलीस (टाचेमागची शीर) फाटून बाहेर बसलेला, आणि २०२४ ला पाच मॅचनंतर कोच बदलला, ते त्याच्या बाजूने मोजा. तरी स्वतःच्या २०२१ शी ताडून बघितलं तर ३७ आणि ४, पासमागे ७.७, म्हणजे घसरण खरी आहे. माझ्या हिशोबाने तो या वयात ब्रेडी आणि ब्रीझच्या खाली, २०१० च्या फार्वच्या बराच वर.