छोटं विमान आणि पक्षी: या चुका टाळा

पहिली चूक विमान जमिनीवर असतानाच होते. आमचं ट्रेनर विमान दोन दिवस उभं होतं, मी ऑइल बघून निघणारच होतो तर काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) फटीतून एक काडी बाहेर आलेली दिसली. टॉर्च मारला तर सिलिंडरच्या मागे वाळलं गवत, सुतळी, दोन पिसं, साळुंकीबाईंचा अख्खा संसार! तसाच उडालो असतो तर इंजिनला थंड हवा मिळाली नसती आणि गवत पेटण्याची भीती वेगळीच. सकाळी बघितलं होतं म्हणून दुपारी सोडून देऊ नका, साळुंकी तेवढ्या वेळात पुन्हा काड्या आणून ठेवते. काउलिंगच्या तोंडाला लाल प्लग (बुचं) लावा, आणि उडताना काढा (हेही विसरणारे आहेत).

दुसरी चूक म्हणजे काचेवर भरवसा. मोठ्या प्रवासी विमानाची काच 4 पौंडांचा म्हणजे साधारण 1.8 किलोचा पक्षी झेलेल अशी तपासतात, आपल्या सेस्ना 172 च्या ॲक्रिलिक काचेला ती अटच नाही. त्यात वेग 100 नॉटवरून 120 केला की धडकेची ताकद 44 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे घारी फिरतायत अशा ठिकाणी, खास करून कचरा डेपोच्या आसपास, खाली राहून स्पीड मारत जाऊ नका, लँडिंग लाइट चालू ठेवा. एक घार दिसली की वर-खाली अजून चार असतातच.

समोर पक्षी आला की नाक खाली घालू नका. घाबरलेला पक्षी बहुतेक वेळा खालीच सूर मारतो, म्हणून जमलं तर वरून जा. पण टेकऑफनंतर लगेच, स्पीड नसताना योक (विमानाचं स्टिअरिंग) खसकन ओढू नका, पाऊण किलोची घार लागली तर डेंट येईल, 300 फुटांवर स्टॉल झाला (म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणं सोडलं) तर सावरायला उंचीच नाही.

आणि लागलीच तर? लोक लगेच रेडिओवर ओरडायला लागतात. अरे आधी विमान उडवा! काच फुटली असेल तर स्पीड कमी करा, पण स्टॉलच्या जवळ नको. कंट्रोल हळूच हलवून बघा, 1912 साली कॅलिफोर्नियात लाँग बीचला कॅल रॉजर्स नावाचा वैमानिक मेला तो सीगल कंट्रोलमध्ये अडकल्यानेच. पिटो (वेग मोजणारी नळी) बुजला असेल तर एअरस्पीड खोटा दाखवेल, तेव्हा नाकाचा अँगल आणि पॉवर यांवरच विमान चालवा. पंखाला मार बसल्याची शंका असेल तर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना खाली सोडायची झडप) एकदम पूर्ण सोडू नका, थोडे थोडे सोडत बघा, आणि अप्रोच (उतरायला धावपट्टीकडे येणं) जरा जास्त स्पीडने करा.

उतरल्यावर फडक्याने रक्त पुसून, काही न सांगता चावी टांगून जाणं ही मला सगळ्यात चीड आणणारी चूक. पंखाची पुढची कड हाताने चाचपा, वरून नखाएवढा डेंट आणि आत रिब (पंखाच्या सांगाड्याची फासळी) वाकलेली असं होऊ शकतं. इंजिनिअरला दाखवा, रिपोर्ट भरा, आणि पीस सापडलं तर फेकू नका, पाकिटात घालून द्या, पक्षी कुठला ते त्यावरून ओळखता येतं.