शेड्युलिंग सॉफ्टवेअर असूनही माल उशिरा का निघत होता

सीएनसी जॉबशॉपमध्ये, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर ऑर्डरप्रमाणे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, पार्टचा बहुतेक वेळ कटिंगमध्ये नाही, तर पुढच्या मशीनसमोर ट्रेमध्ये पडून जातो. आमच्याकडे सॉफ्टवेअर होतं, पण ते अमर्याद क्षमता धरून तारखा द्यायचं. एकाच व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) एकाच दिवशी 30 तासांचं काम! आधी फायनाइट कपॅसिटी (मशीनला जमेल तेवढंच काम धरणं) चालू केली आणि मशीनची उपलब्धता 100 ऐवजी 80 टक्के धरली. तारखा पुढे गेल्या, मार्केटिंगवाले चिडले, पण त्या खऱ्या होत्या.

खरी बचत ओव्हरलॅपमध्ये झाली, म्हणजे पूर्ण लॉट व्हायची वाट न बघता पुढचं ऑपरेशन सुरू करण्यात. 200 नगांचा लॉट, नगामागे टर्निंग 3 मिनिटं, मिलिंग 4. पूर्ण लॉट सरकवला तर 600 अधिक 800, म्हणजे 1400 मिनिटं. 40-40 चे ट्रे सरकवले तर पहिला ट्रे 120 मिनिटांत मिळतो, एकूण 920. एक अख्खी शिफ्ट वाचली (मशीनच्या सेटिंगचा वेळ वेगळा). मात्र पुढचं ऑपरेशन जलद असेल तर लगेच सुरू करू नका. मशीन मधेमधे रिकामं थांबतं.

मग जॉबकार्ड (काम सुरू करायचा कागद) उशिरा सोडायला लागलो. शॉपवर 240 जॉब आणि रोज 20 बाहेर पडत असतील, तर सरासरी 12 दिवस लागणारच. 160 ठेवले की 8. यासाठी बॉटलनेकची, म्हणजे सगळ्यांत जास्त भार असलेल्या मशीनची, रांग मात्र रिकामी पडू देऊ नये.

हीट ट्रीटमेंटला ‘3 दिवस’ टाकून भागत नाही, व्हेंडरची भट्टी ज्या वारी लागते ते वार कॅलेंडरमध्ये भरा. पुढच्या दोन दिवसांचा प्लॅन फ्रीझ ठेवा, नाहीतर प्रत्येक तातडीच्या ऑर्डरला सेटिंग मोडतं.