अडत दुकानाच्या हिशोबासाठी सांभाळायला सोपा डेटाबेस कसा बांधावा

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत दुकानाचा हिशोब माझ्याकडे आला, तेव्हा आधीच्या डेटाबेसमध्ये पट्टीच्या (शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या) टेबलात ‘पोते१’, ‘पोते२’ असे २० कॉलम होते. एकविसावे पोते आले की दिवाणजींना दुसरी पट्टी करावी लागे आणि त्या शेतकऱ्याच्या एकाच मालाची बेरीज दोन ठिकाणी शोधावी लागे. चूक दिवाणजींची नव्हती, टेबलाची होती. आणि अशा टेबलावर लिहिलेली प्रत्येक क्वेरी (माहिती काढण्यासाठी डेटाबेसला दिलेली सूचना) ती चूक पुढे वाहून नेते. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्यावा आणि प्रत्येक टेबलासाठी एक वाक्य पूर्ण करावे : “या टेबलातील एक ओळ म्हणजे…”

अडतीच्या व्यवहारात ही वाक्ये अशी होतात. ‘आवक’ टेबलातील एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याने एका दिवशी एका गाडीतून आणलेला माल. ‘लॉट’मधील एक ओळ म्हणजे त्या मालाचा सौद्यात एकाच भावाने विकला गेलेला भाग. ‘वजन’मधील एक ओळ म्हणजे काट्यावर चढलेले एक पोते. ‘पट्टी’मधील एक ओळ म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दिलेला एक हिशोब, आणि ‘उचल’मधील एक ओळ म्हणजे त्या हिशोबापोटी त्याला दिलेली एक रक्कम. वाक्यात ‘किंवा’ हा शब्द घ्यावा लागला, तर तेथे दोन टेबले एकत्र कोंबली गेली आहेत असे समजावे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली आणि पुढे टेबले कशी विभागावीत याचे ‘नॉर्मल फॉर्म’चे नियम आले. त्या नियमांचा व्यवहारातील अर्थ बहुतांशी या एका वाक्यात सापडतो.

त्यानंतर ओळखीचा प्रश्न येतो. गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव हीच प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करण्याचा मोह होतो, पण नावे बदलतात. आपलाच जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणून गावाला अर्थशून्य क्रमांक द्यावा, नाव एकाच टेबलात ठेवावे आणि बाकी सर्वत्र केवळ क्रमांक वापरावा. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही दोन्ही रूपे लोक लिहितात, त्यामुळे गाव टंकायला न लावता यादीतून निवडायला लावणे चांगले. येथे मराठीपुरती एक बारीक अडचण आहे : ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातील अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत) एकाच चिन्हाने साठवता येते किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही साठवता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण थेट तुलना केली की ती सहसा जुळत नाहीत. मजकूर साठवण्याआधी तो एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणला की हा घोळ टळतो.

एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, हा नियम पाळताना पट्टीच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा. हमाली आणि तोलाईचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ‘दर’ टेबलात प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहावे. तरीही पट्टी तयार झाली, की त्या दिवशी आकारलेला दर आणि रक्कम पट्टीतही उतरवून ठेवावी. ही पुनरुक्ती नव्हे. ‘आजचा दर’ आणि ‘त्या दिवशी कापलेली रक्कम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेतकऱ्याच्या हातातील कागदावर जो आकडा आहे तोच पाच वर्षांनीही निघाला पाहिजे.

पैशांसाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा) प्रकार कधीही वापरू नये, त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. डेसिमल (दशांश नेमके साठवणारा) प्रकार वापरावा. वजन किलोत आहे की क्विंटलमध्ये, हे कॉलमच्या नावातच यावे. वजन शून्यापेक्षा जास्त असणे, लॉटला आवक असणे, एका हिशोबी वर्षात पट्टी क्रमांक पुन्हा न येणे, हे नियम प्रोग्रॅमवर न सोडता डेटाबेसच्याच बंधनांत घालावेत, कारण प्रोग्रॅम बदलतो आणि विदा (डेटा) मागे राहते. फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातील ओळीचा क्रमांक ठेवणाऱ्या) कॉलमवर मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण-इंजिन स्वतः इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) करते, पोस्टग्रेस हा डेटाबेस करत नाही. तेथे तो आठवणीने करावा.

क्वेरी लिहिताना सर्वाधिक नुकसान ज्या चुकीने होते, ती सविस्तर सांगतो. एका पट्टीत तीन लॉट आहेत, ४०,०००, ३५,००० आणि २५,००० रुपयांचे, एकूण १,००,०००. त्या पट्टीपोटी २०,००० आणि १०,००० अशा दोन उचली झाल्या आहेत. देणे बाकी ७०,०००. आता पट्टीला लॉट आणि उचल ही दोन्ही टेबले एकाच क्वेरीत जॉइन केली (जोडली), तर प्रत्येक लॉटशी प्रत्येक उचल जुळून सहा ओळी तयार होतात. लॉटची बेरीज दुप्पट, २,००,००० होते. उचलीची तिप्पट, ९०,००० होते. आणि बाकी १,१०,००० दिसते. क्वेरी कोणतीही तक्रार न करता चालते, हाच खरा धोका आहे. काही जण अशा वेळी बेरजेत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच मोजणारा शब्द) घालतात. या उदाहरणात उत्तर बरोबर येईलही, पण ज्या दिवशी दोन लॉट योगायोगाने ३५,००० रुपयांचेच असतील, त्या दिवशी एक गळून पडेल आणि शेतकऱ्याला तेवढे पैसे कमी मिळतील. योग्य मार्ग असा, की लॉटची बेरीज आधी स्वतंत्रपणे, एका पट्टीला एक ओळ अशी करून घ्यावी, उचलीचीही तशीच करावी, आणि मगच त्या दोन बेरजा पट्टीला जोडाव्यात. या पायऱ्यांना ‘विथ’ वापरून नावे दिली, की वाचणाऱ्याला क्वेरीतही प्रत्येक टप्प्यावर “एक ओळ म्हणजे काय” हे दिसत राहते. उचल न घेतलेली पट्टी गळू नये म्हणून येथे लेफ्ट जॉइन (जोड न सापडलेली पट्टीही ठेवणारा) हवा आणि रिकाम्या बेरजेच्या जागी शून्य घ्यावे.

हळदीचा हंगाम ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला असतो, म्हणून तारखांची सीमा नेमकी असावी : १ एप्रिल किंवा नंतर, आणि पुढील १ एप्रिलच्या आधी. ‘बिटवीन’ (‘या दोहोंच्या दरम्यान’) वापरून शेवटची तारीख ३१ मार्च दिली आणि कॉलममध्ये वेळही असली, तर ती सीमा ३१ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र धरली जाते आणि त्यानंतर त्या दिवशी झालेले सगळे सौदे सुटतात. तसेच ज्या शेतकऱ्यांची पट्टी झालेली नाही त्यांची यादी काढताना ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) टाळावे. आतील यादीत एक जरी नल (रिकामे मूल्य) आला, तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ (‘अशी ओळच नाही’) तसे करत नाही.

बदल करताना थेट डेटाबेसमध्ये हात घालू नये. प्रत्येक बदल क्रमांक दिलेल्या फाइलमध्ये लिहून गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावा आणि कॉलम का जोडला, हे कॉमेंटमध्ये मराठीत लिहावे. मी २० पोत्यांचे कॉलम काढताना आधी ‘वजन’ टेबल जोडले, जुनी वजने त्यात उतरवली, प्रत्येक पट्टीची जुनी आणि नवी बेरीज ताडून पाहिली आणि मगच दिवाणजींचा पडदा नव्या टेबलावर वळवला. जुने कॉलम तो हंगाम संपेपर्यंत तसेच ठेवले आणि वर्षाचा हिशोब मिटल्यावर काढले.